सोन्याचा कण आणि भरलेली बादली

शुभा,

परवा तुझ्या आईच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं. दिलं म्हणजे एकदाचं तोंडातून निघालं. तेव्हापासून तेच घोळवतेय. बरोबर बोलले का, जास्त बोलले का, त्या माउलीची उगाच समजूत घातली का, हे सगळं एरवी मी तुलाच विचारलं असतं. तू म्हणाली असतीस, "चिंतामणी, आधी पाणी पी." म्हणून पाणी पिऊन हे लिहायला बसलेय.

आपल्या संशोधन संस्थेच्या वार्तापत्रात तुझा फोटो आला. खाली पदव्या, कुठे किती काम केलं, कोणत्या यंत्राची जबाबदारी होती, असं सगळं. त्यातलं काही मी इथे लिहीत नाही, ते तुला माहीत आहे. मला त्या सकाळपासून सुरुवात करायची आहे, कारण तुझी आई आणि मी, दोघीही दोन महिने त्या सकाळीच अडकून होतो.

आपलं ठरलेलं होतं. भाईंदर पश्चिमेहून तू घराबाहेर पडलीस की मला एक मिस्ड कॉल द्यायचा. मग मी गोडदेवहून निघायचं आणि गोल्डन नेस्टच्या कोपऱ्यावर दोघींनी संस्थेची बस पकडायची. त्या सकाळी मिस्ड कॉल आला नाही. मी तरी निघाले, कोपऱ्यावर उभी राहिले, बस आली. ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, दो मिनट, मॅडम आ रही हैं." तो थांबला. तुझ्यासाठी तो थांबायचा, नुसत्या माझ्यासाठी कधीच थांबला नसता. शेवटी तोही गेला आणि मी फोन लावत तिथेच राहिले. माझ्या मनात वाईटच येतं, हे तुला नव्याने सांगायला नको. बसला जरा उशीर झाला तरी मी अपघातापर्यंत जाऊन पोचलेली असते. म्हणूनच त्या दिवशी मनात आलं ते मी झटकलं. म्हटलं, मेधा, वेड्यासारखं करू नकोस, पाण्याचा दिवस असेल, उशीर झाला असेल. आजवर मी स्वतःची समजूत कधी काढली नव्हती. त्या दिवशी काढली.

पाण्याचाच दिवस होता. तुमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एक दिवसाआड पाणी, आणि तेही वर चढत नाही. खाली टाकीच्या नळावरून बादल्या भरायच्या आणि तिसऱ्या मजल्यावर आणायच्या, लिफ्ट नाही. तुझं नेहमीचं पाणी भरून झालं होतं. काकू म्हणाल्या, उद्या येणार नाही, आणखी दोन बादल्या आण. तू आणल्यास. दुसरी निळी बादली स्वयंपाकघरात ठेवलीस, खुर्चीवर बसलीस, आणि म्हणालीस, "आई, चहा टाक." काकूंनी चहा गाळला, कप घेऊन वळल्या, आणि तू नव्हतीस. खुर्चीवर होतीस तशीच बसलेली, पण नव्हतीस.

डॉक्टरांनी सांगितलं की तुझ्या हृदयाच्या लयीत जन्मापासूनच काहीतरी कच्चं होतं, कुणाला कळलं नाही, हे कधीही होऊ शकलं असतं. मी ते दाराशी उभी राहून ऐकलं. काकूंनीही ऐकलं. पण त्यांचे डोळे निळ्या बादलीवर होते.

तेराव्यानंतर मी पहिल्यांदा गेले तेव्हा नेमकं पाणी आलं होतं. जिन्यावर काकू भेटल्या. हातात पितळेची छोटी कळशी, एक हात कठड्यावर, प्रत्येक पायरीवर थांबत होत्या. मी वर धावले, सिंकखाली पालथी घातलेली निळी बादली उचलली आणि निघाले. दारातच त्यांनी मला गाठलं आणि बादली अशी हिसकावली की माझ्या बोटाला कडी लागली.

"ठेव ती! कुणी हात लावायचा नाही!"

शेजारची बाई दार उघडून बघायला लागली. तीच मला नंतर हळूच म्हणाली, "आंटी किसी को पानी लाने नहीं देतीं. वॉचमन को भी नहीं. खुद ही लाती हैं, लोटा लोटा करके." सत्तरीची बाई, गुडघे धरलेले, आणि दिवसाचं सगळं पाणी एकटीने, कळशीकळशीने. मला तिथेच दिसायला लागलं की एक दिवस जिन्यावर काय होणार आहे. या वेळी मी मनातलं काही झटकलं नाही.

आत आल्यावर त्यांनी मला तुझ्या खुर्चीवर बसू दिलं नाही, पाटावर बसवलं, आणि समोर बसून विचारलं, "मेधा, तुम्ही दोघी तिथे हेच बघायचात ना गो, कशानं काय मोडतं ते? मग तू मला सांग. मी ती बादली आणायला लावली नसती, तर ती असती का?"

मी म्हटलं, "काकू, डॉक्टर म्हणालेच ना."

"डॉक्टर म्हातारीची समजूत घालायचेच. तिनं बादली ठेवलीन, हसली, नि मग गेली. मी डोळ्यांनी बघितलंय. तू सांग. तुला खोटं बोलता येत नाही, तुझ्या कानाच्या पाळ्या लाल होतात."

मी पाणी पिण्याचं निमित्त करून आत गेले. माझ्या पाळ्या लाल झाल्याच असणार. कारण शुभा, खरं सांगायचं तर माझंही मत तेच होतं. बादलीबद्दल नव्हे, पण एकूणच. काही मोडलं की कुणीतरी धक्का दिलेला असतो, हे माझं मत तुला पाठ होतं. त्यावरून तर आपलं भांडण चालू होतं, आणि ते अर्ध्यावर टाकून तू गेलीस.

ते भांडण कशावरून सुरू झालं ते मला स्वतःलाच पुन्हा नीट सांगून बघायचं आहे. आपलं काम लोकांना सांगताना तू एक गंमत करायचीस. म्हणायचीस, "आम्ही सोन्याला टोचून बघतो." सफायरच्या चकतीवर सोन्याचा अगदी पातळ थर द्यायचा, भट्टीत तापवायचा, म्हणजे तो थर फाटून त्याचे बारीक बारीक स्फटिक तयार होतात, तव्यावर पाण्याचे थेंब व्हावेत तसे, फक्त डोळ्यांना न दिसणारे. मग यंत्राखाली एकेक स्फटिक शोधायचा आणि हिऱ्याच्या अणकुचीदार टोकाने त्याला हळूहळू दाबायचं. भार किती, तर तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाएवढा, त्याहून कमीसुद्धा. तो भार आणि टोक किती आत गेलं ते, दोन्हींचा आलेख पडद्यावर उमटतो. नॅनोइंडेंटेशन हे नाव काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "नाव ठेवा काय ते, पण सोनं म्हणता तर दागिना किती झाला आतापर्यंत?" तू म्हणालीस, "आई, सगळे मिळून नथीच्या तारेलासुद्धा पुरायचे नाहीत." त्यांना ते अजिबात आवडलं नव्हतं. एवढं शिकून सोन्याची नासाडी.

या कामात माझा स्वभाव उपयोगी पडतो, हे तूच म्हणायचीस. घरी मी गॅसचा नॉब बंद केला का म्हणून जिन्यावरून परत जाते, तर लोक हसतात. यंत्राजवळ मात्र तसंच वागावं लागतं. कुणी पंखा लावला, कुणी वाकून काचेतून पाहिलं आणि अंगाची ऊब आत गेली, कुणी दार आपटलं, की आलेख बिघडतो. मी दारावर पाट्या लावल्या होत्या. बोलू नका. वाकू नका. दार हळू लावा. तू त्याखाली पेन्सिलीने लिहून ठेवलंस, "श्वास घेतलात तरी चालेल."

आणि मग तो आलेख आला. आपण एका कणावर भार चढवला आणि तिथेच थांबवून ठेवला. त्याला आपण होल्ड म्हणतो. भार वाढवायचा नाही, कमी करायचा नाही, नुसतं धरून ठेवायचं. पडद्यावरची रेघ शांत होती. आपण दोघी मागे भिंतीला टेकून बसलो होतो. बाहेरून चहाची ट्रॉली गेली, तिचं एक चाक वाकडं, नेहमीसारखी खडखडत. आणि थोड्या वेळाने, काही म्हणता काही होत नसताना, कण खचला. टोक एकदम आत.

मी म्हटलं, "ट्रॉली."

तू म्हणालीस, "ट्रॉली गेली तेव्हा तो उभाच होता. नंतर पडला. आपला आपण पडला."

"आपला आपण काही पडत नाही, शुभा. भार वाढला नाही, काही हललं नाही, तर तो का पडेल?"

"भार आहे ना पण डोक्यावर? मग पडायला वेगळं कारण कशाला लागतं?"

तुझं म्हणणं असं होतं की नुसता भार धरून ठेवला तरी आतले अणू गप्प बसलेले नसतात, ते थरथरत असतातच. केव्हातरी त्यातल्या कुठल्यातरी थरथरीतून रांग सरकते. केव्हा, ते कुणी सांगू शकत नाही. माझं म्हणणं, हे म्हणजे कारण न शोधण्याची पळवाट झाली. दुसऱ्या दिवशी तू काय केलंस आठवतंय? मला पडद्यासमोर बसवलंस, कण होल्डवर ठेवलास, बाहेर जाऊन चपला काढल्यास, ओढणी कमरेला खोचलीस आणि कॉरिडॉरमध्ये धपाधप उड्या मारायला लागलीस. त्याच वेळी आपले लॅबप्रमुख सर आले. मी आतून बघत होते, ते तुला वळसा घालून निघून गेले. तू आत आलीस ती धापा टाकत. "काय झालं?" रेघ थरथरली होती, करवतीसारखी दातेरी झाली होती. कण मात्र खचला नव्हता. "बघ," तू म्हणालीस, "धक्का लागला की रेघ थरथरते. कालच्या कर्व्हमध्ये खचण्याआधी थरथर आहे का? दाखव मला." नव्हती. मी म्हटलं, "दिसत नाही इतका बारीक धक्काही असू शकतो." तू कपाळावर हात मारलास. मी 'ट्रॉली आणू नका' अशी आणखी एक पाटी लावली.

तू म्हणत होतीस, टेबलाला कंपन मोजणारा सेन्सर लावू, सुट्टीच्या दिवशी येऊ, वाट बघत बसू, लागलीच निकाल. मी आज नको, उद्या नको करत राहिले. सेन्सर नीट बसेल का, सुट्टीचा एसी बंद असतो, तापमान कोण सांभाळणार, एक ना दोन. आणि सरांनी तर आपल्या शोधलेखातून तो आलेखच गाळायला सांगितलं होतं. एकच आहे, उगाच प्रश्न निघतील, काढला की लेख स्वच्छ होतो. मी लगेच मान डोलावली होती. तू माझ्याशी दोन दिवस फक्त कामापुरतं बोललीस.

मग रविवारी तुझाच फोन. "चल, उत्तनच्या बसमध्ये बसू." आपण डोंगरीला उतरलो. मला परतीची बस मिळेल का याची काळजी. तू एका कोळणीकडून सुके बोंबील घेत होतीस आणि मी नाक धरून उभी, तर ती मला म्हणाली, "काय गं बाय, तोंड असं का? चांगला हाय, वास न्हाय मारत." तू इतकी हसलीस की पिशवी पडली. नंतर चालताना तू मला ते सांगितलंस, जे तू कुठल्याच भाषणात इतकं सोपं सांगितलं नव्हतंस. मोठ्या धातूच्या तुकड्यात अणूंच्या रांगा कुठे ना कुठे चुकलेल्या असतातच. भार आला की त्या चुका सरकतात, तुकडा थोडा थोडा वाकतो आणि निभावून नेतो. आपले कण इतके लहान की त्यांच्यात चूकच नसते. वाकायला काही नाही, म्हणून ते भलतं सोसतात. आणि मग एकदम जातात. "म्हणून तुझी मला काळजी नाही," तू म्हणालीस, "तू म्हणजे चुकांची खाण. तू रोज थोडी थोडी वाकतेस. तू नाही मोडायचीस." मी चिडले. परतीची बस वेळेवर मिळाली. बोंबलाचा वास माझ्या पर्सला पुढे कितीतरी दिवस येत होता, आता येत नाही, याचंसुद्धा मला वाईट वाटतं.

तुझी कुरकुर मी कधी ऐकली नाही. छातीत कधी धडधडलं असेल, कधी जिन्यावर थांबावंसं वाटलं असेल, तू बोलली नाहीस. आणि मी, जी दुनियेची काळजी करते, तिने तुझी कधी केली नाही. तुझी काळजी करायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला कितीही ताणलं तरी ऐकू येत नाही.

तर काकूंच्या प्रश्नाचं ओझं घेऊन मी घरी आले. थाप मारायची सोय नव्हती. डॉक्टरांचं वाक्य पुन्हा म्हणून दाखवायचं, तर माझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नव्हता. काही कारण नसताना कसं होईल? आणि तेव्हा मला कळलं की तू मागत होतीस ती तपासणी आता करायलाच हवी. स्फटिक म्हणजे माणूस नव्हे, हे तू लाल पेनाने समासात लिहिलं असतंस ते मला दिसतंय. लिही. सोन्याच्या कणावरून तुझ्या हृदयाचं काही सिद्ध होत नाही, मला कळतं तेवढं. पण आपला आपण काही पडत नाही हे माझं तुणतुणं जोवर माझ्याच डोक्यात वाजत होतं, तोवर मी त्या बाईसमोर बसून "बादलीने काही झालं नाही" असं म्हणू शकत नव्हते. ते माझ्यापुरतं तरी खरं आहे का, एवढंच मला बघायचं होतं.

रविवारी एकटीच गेले. गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला, "आज अकेले, मॅडम? वो दूसरी मॅडम नहीं आईं?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तो बिचारा किल्ली हातात धरून उभाच राहिला.

टेबलाला सेन्सर लावला. तुझ्या पद्धतीने कण निवडले, भार चढवला, जेवढ्याला तो लगेच खचतो त्याच्या बराच खाली थांबवला, आणि बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये फरशीवर बसले, माझी ऊब आत जायला नको म्हणून. बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. खरं सांगू, मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. कण उभा राहिला तर काकूंना सांगायला काहीच उरत नव्हतं. आणि खचला तर मला तो खचायलाच हवा होता म्हणून मी वाट्टेल ते खरं मानीन, याचीही भीती. ज्याला निकाल हवा असतो त्याने निकाल बघू नये, हा आपल्या दोघींचा नियम. पण बघणारी दुसरी होती कुठे?

पहिला कण उभा राहिला. पुढचाही. मी काचेतून लांबूनच बघत होते. मग एक खचला. मी पळत आत गेले आणि सेन्सरची रेघ पाहिली. सरळ होती. कणाची रेघ खचण्याआधी सरळ होती. कुणी आलं नव्हतं, काही हललं नव्हतं, भार होता तेवढाच होता. मला रडू आलं आणि पाठोपाठ शंका आली, दोन्ही एकदमच.

म्हणून मी पुढच्या रविवारीही गेले, त्याच्या पुढच्याही. भार थोडा जास्त ठेवला की कण लवकर खचायचे, कमी ठेवला की खूप वेळ घ्यायचे, पण कुठला कण केव्हा, याचा पत्ता लागू द्यायचे नाहीत. अगदी तू म्हणायचीस तसं. मग एका सोमवारी कॅन्टीनच्या मामांना म्हटलं, "मामा, ट्रॉली जरा इकडून तिकडे फिरवत राहा." ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच तर पाटी लावलीत, ट्रॉली आणू नका म्हणून!" तरी फिरवली त्यांनी. सेन्सर नाचला, रेघा दातेरी झाल्या, कण जसेच्या तसे. शेवटी सगळे आलेख आणि सेन्सरच्या सगळ्या रेघा वेगवेगळ्या करून, काही न सांगता, सरांना दिल्या. म्हटलं, कुठली खचण कुठल्या धक्क्याची ते जुळवून द्या. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मेधा, यात जुळण्यासारखं काही नाही." मी सांगितलं हे काय आहे ते. मग म्हणाले, "तिचा कर्व्ह लेखात राहू दे. आणि हे सगळं तिच्या नावाने घाल." ट्रॉली निर्दोष सुटली, शुभा. तू जिंकलीस. मी हरले आणि त्या संध्याकाळी किती तरी दिवसांनी नीट जेवले.

तरीही काकूंकडे जायला पाय उचलेना. परवा गेले. त्या नुकत्याच कळशी घेऊन वर आल्या होत्या, तोंड लालबुंद. घोटा सुजलेला दिसत होता, त्या पदराने झाकत होत्या. पाटावर बसले आणि म्हटलं, "काकू, तुम्ही विचारलं होतंत."

"दोन महिने झाले विचारून."

"मला बघायचं होतं आधी. हृदयातलं मला कळत नाही, काकू. ते डॉक्टर जे म्हणाले तेच खरं. मला फक्त आमच्या कणांचं कळतं. शुभा म्हणायची, ते आपले आपण खचतात. मी म्हणायचे, नाही, कुणीतरी हलवलं असणार. त्यावरून आम्ही भांडायचो."

"ठाऊक आहे. घरी येऊन बडबडायची. मेधा ऐकत नाही म्हणायची."

"मी आता बघितलं. ती म्हणत होती ते खरं होतं."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "म्हणजे कुणी हात नाही लावला, तरी?"

"नाही लावला तरी."

मला वाटलं झालं, संपलं. पण तू कुणाची मुलगी होतीस ते तेव्हा कळलं मला. त्यांनी विचारलं, "आणि ज्यांना तू हलवलंस, ते?"

"ते तसेच उभे राहिले, काकू."

त्या माझ्या कानांकडे बघत होत्या. खरंच सांगते, आधी एका कानाकडे, मग मान कलती करून दुसऱ्या. मी हललेसुद्धा नाही. मग त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी तुला सांगणार नाही. मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी तुझ्या नावाने तिथे बसून रडलो, आधी न बोलता आणि मग मोठमोठ्याने, शेजारणीने पुन्हा दार उघडलं इतकं. किती वेळ, कोण जाणे. चहा टाकायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही.

खालून भांड्यांचा आवाज यायला लागला. नळ अजून चालू होता. काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मला वाटलं, पुन्हा कळशी घेणार. मी उठायला लागले, काय बोलावं, कसं थांबवावं या विचारात. त्या सिंकपाशी वाकल्या आणि निळी बादली सुलटी करून हातात घेतली. आतली धूळ फडक्याने पुसली. एकदा पुसली, मग पुन्हा पुसली. आणि माझ्यासमोर धरली.

"घे. उद्या येणार नाही पाणी," त्या म्हणाल्या, "भरून आण."

मी खाली गेले, शुभा. नळाखाली बादली लावली. अर्धी झाली तेव्हा हात नळाकडे गेला होता, तुला खोटं कशाला सांगू. पण मी नळ बंद केला नाही. काठोकाठ भरू दिली, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत आणली.